लाल वाटी, हिरवी वाटी

जानेवारी लागला की आमच्या गल्लीत भंगाराला भाव येतो. बारावीच्या पोरींचं चित्रकलेचं प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं असतं, आणि ज्या घरात वर्षभर कुणी डोकावत नाही त्या घराचीही बेल वाजायला लागते. परवा शेजारची पलक आली. दारात उभी राहून म्हणाली, "दीदी, फेंकने लायक कुछ है क्या? मिक्स मीडिया का प्रोजेक्ट है." तिला थोडी जुनी लेस, दोन फुटकी बटणं आणि चहाच्या पुड्याची आतून चंदेरी असलेली पिशवी दिली. पोर खूश झाली. जाता जाता वळून म्हणाली, "और टूटी चूड़ियाँ? वो नहीं हैं?" नाहीत, म्हटलं, आणि दार लावून घेतलं. जरा जोरातच लागलं असावं, कारण आतून आईचा आवाज आला.

"कोण होतं वो?"

"कोणी नाही. पलक."

"मंग त्या दारावर कावून राग काढून राहिली?"

आईला उत्तर माहीत असतं. तरी ती विचारते.

भिलाईचा जानेवारी तसा देखणा असतो. सकाळच्या धुक्यात पोलाद कारखान्याच्या चिमण्यांचा धूर मिसळून जातो आणि कुठलं काय ते ओळखू येत नाही. बाजारात लाखोळीची कोवळी भाजी येते, सुपेल्याच्या चौकात पेरूंच्या हातगाड्या लागतात. दोरीवरच्या कपड्यांवर नेहमीची लालसर धूळ बसते, ती दवानं ओली होते आणि पांढऱ्या सदऱ्यावर तिचे डाग पडतात. बायका धुळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कपडे पुन्हा बादलीत टाकतात. सगळ्यांना हा महिना आवडतो. लग्नं याच महिन्यात, सहली याच महिन्यात. माझ्या मनातून तो उतरला तो बारावीच्या वर्षी, आणि त्यात त्या बिचाऱ्या महिन्याची काही चूक नव्हती.

आमच्या शाळेत चित्रकला घेतलेल्या आम्ही नऊ जणी होतो. शिकवायला मिंज मॅडम. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, पदराला कायम वाळलेला गोंद. मिक्स मीडियाच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता, दुकानातून काही आणायचं नाही. "जो घर में पड़ा है, वही तुम्हारा रंग है," म्हणायच्या. मग काय, ज्याच्या घरात जे पडलेलं, ते वर्गात यायचं. वडील कारखान्यात असलेल्या पोरी वेल्डिंगच्या कांड्यांची थोटकं आणायच्या. अहिवाऱ्याहून बसनं येणारी लता डब्यात चुनखडीची भुकटी आणायची, ती गोंदात कालवली की भिंतीला गिलावा केल्यासारखा पुठ्ठ्यावर थर बसायचा. उतईकडची एक जण धानाचा पेंढा आणायची आणि त्यातून निघालेल्या किड्यांवरून वर्गात किंचाळ्या उठायच्या. मी रेल्वेवाल्याची पोर. माझ्याकडे ग्रीसनं काळ्या झालेल्या चिंध्या, जुनी टाइमटेबलं आणि कडेनं उसवलेली एक झेंडी.

त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. ओला पुठ्ठा, टर्पेंटाइन, कुणाच्या तरी डब्यातलं आंब्याचं लोणचं. बोटांवरचा गोंद वाळला की त्याची पातळ साल अख्खी निघायची, बोटाच्या ठशासकट. ती न फाटता काढण्याची आमच्यात शर्यत लागायची. मी बहुतेक वेळा जिंकायचे. माझा हात स्थिर होता. मॅडम म्हणायच्या, तुझं डोकं चंचल आहे पण हात शहाणा आहे. त्या हाताचा मला भारी गर्व होता. पुढे खैरागडला जाऊन चित्रकलाच शिकायची, हे माझं ठरलेलं होतं.

त्या वर्षी प्रोजेक्टचा विषय होता 'मेरी खिड़की'. आमचं क्वार्टर यार्डाजवळच्या रेल्वे कॉलनीत होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सिग्नलचे दिवे दिसायचे. लाल, हिरवे, मध्येच एखादा पिवळा. आई भाकरी थापायची आणि तिच्या मागे ते दिवे बदलत राहायचे. मला तेच करायचं होतं. खिडकीची चौकट जुन्या पेटीच्या फळीची, आईच्या साडीच्या तुकड्याचा पडदा, आणि दिवे काचेच्या फुटक्या बांगड्यांचे. सुपेल्यातल्या बांगडीवाल्यानं फुटक्या मालाची एक थैलीच उचलून दिली. वर म्हणाला, "ले जा बिटिया, हमारे तो पाँव में चुभती हैं."

माझे बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. कागदावर लोको पायलट, पण आमच्या घरात ड्रायव्हरच म्हणायचे. आम्ही मूळचे तुमसरकडचे. आजोबा कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते, आणि बाबांना त्या घराण्याचा राजेरजवाड्यांना नसेल एवढा अभिमान होता. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं पुकारायचा, दुसऱ्यानं परत पुकारायचा. "होम हिरवा!" "होम हिरवा!" होम म्हणजे स्टेशनात शिरतानाचा सिग्नल. नुसतं बघून चालत नाही, तोंडानं म्हणावं लागतं. बाबांनी ती सवय घरी आणली होती. स्कूटरवर मी मागे बसलेली असायचे, चौकात दिवा बदलला की आधी दिसेल त्यानं ओरडायचं, "हिरवा!" दुसऱ्यानं ओरडायचं, "हिरवा!" आणि स्कूटर निघायची. मी पाच वर्षांची असल्यापासून सतरा वर्षांची होईपर्यंत हे चाललं. मोठेपणी मला लाज वाटायची, तरी पुकारायचे.

डिसेंबरातली एक दुपार. बाबा ड्यूटीवरून येऊन, झोप काढून उठले होते आणि ओसरीत खर्रा चोळत बसले होते. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचा. नागपूरकडची ही पीडा त्यांनी इथपर्यंत सोबत आणली होती. मी बांगड्यांची थैली त्यांच्यापुढे ओतली आणि दोन वाट्या ठेवल्या.

"बाबा, रिकामे बसले तर हे निवडून द्या न. ह्या वाटीत लाल, ह्या वाटीत हिरवे."

"एवढंच? आण इकडं. दोन मिनटाचं काम."

अर्ध्या तासानं येऊन पाहिलं तर दोन्ही वाट्यांत लालही होते आणि हिरवेही. एका वाटीत सगळे गडद तुकडे, दुसरीत सगळे फिकट. इतक्या नीट लावलेले की मला आधी हसूच आलं.

"मस्करी नका करू न बाबा. मले उद्या शाळेत न्यायचं आहे."

"मस्करी कुठं करून राहिलो?"

मग त्यांनी एक वाटी उचलली, उन्हाकडे धरली, फिरवली. आई हात पुसत दारात आली. तिनं वाट्यांकडे पाहिलं आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "चुकलं का?"

त्या दोन शब्दांनी मला जी भीती वाटली तशी आजवर कशाचीही वाटलेली नाही. कारण त्याच क्षणी मला स्कूटर आठवली. वर्षभरात चौकात बाबा एकदाही आधी बोलले नव्हते. मी पुकारण्याची ते वाट पाहत होते.

सुपेल्यातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते त्याआधी गुपचूप जाऊन आले होते, हे त्या दिवशी कळलं. डोळ्याची नस सुकत चालली आहे, डॉक्टर म्हणाले होते. तंबाखू आणि साखर, दोघांनी मिळून केलेलं काम. अक्षर दिसत होतं, माणूस दिसत होता, लांबचा खांब दिसत होता. फक्त लाल आणि हिरवा हे दोन रंग निघून गेले होते आणि त्यांच्या जागी एकच मळकट खाकी राहिला होता. मी विचारलं, मग गाडी कशी चालवता?

"असिस्टंट पुकारते न," बाबा म्हणाले. "तो पुकारते, मी पुकारतो. आन् रस्ता पाठ हाय मले. गाडी डोळ्यानं नाही चालत बेटा, सवयीनं चालते."

आई म्हणाली, "जानेवारीत मेडिकल हाय तुमचं."

ठरावीक वर्षांनी ड्रायव्हरची तपासणी होते आणि तिच्यात रंगांची परीक्षा असते. नापास झाला की इंजिनावरून खाली. नोकरी जात नाही, कुठेतरी फायली लावायला, टपाल न्यायला बसवतात. आज मला वाटतं, मग काय बिघडलं होतं? पण आमच्या कॉलनीत इंजिनावरून उतरवलेल्या माणसाकडे लोक कसं बघायचे ते मी पाहिलं होतं. त्याला नमस्कारही अर्धाच मिळायचा. बाबांना तसं झालेलं मला बघवलं नसतं. बाबांच्या मागे मालानं भरलेल्या चाळीस-पन्नास वाघिणी असतात आणि पुढे रुळांवर माणसं असतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण त्या वेळी डोळ्यांपुढे फक्त बाबा होते, ती वाटी उन्हात फिरवताना.

उपाय काढला मेश्रामकाकांनी. ते बाबांच्या गावचे, लॉबीत कामाला. लॉबी म्हणजे ड्रायव्हर लोक ड्यूटीवर चढताना जिथे हजेरी लावतात ते ऑफिस. त्यांनी कुठूनतरी त्या परीक्षेच्या पुस्तकाचे फोटो मिळवले. रंगीत ठिपक्यांची वर्तुळं, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. ज्याचे डोळे धड त्याला आकडा दिसतो, ज्याचे नाहीत त्याला नुसते ठिपके. सुपेल्यात त्याचे रंगीत झेरॉक्स काढले तर सगळे रंग गढूळ आले, मलाही काही दिसेना.

"हे काही कामाचं नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोट्टी, तू चित्रकलावाली न? तुले जमते का?"

मला जमलं. वाईट याचंच वाटतं, की फार छान जमलं.

जुन्या मासिकांचे, पतंगाचे, राखीच्या वेष्टनांचे कागद गोळा केले. पंचिंग मशीननं आणि पेनांच्या वेगवेगळ्या टोपणांनी ठिपके पाडले. लहान, मोठे, मधले. फोनवरचा फोटो मोठा करून एकेक ठिपका त्याच जागी, त्याच मापाचा, त्याच रंगाचा, पुठ्ठ्यावर बसवला. जिथे कागदाचा रंग जुळेना तिथे दारातली लाल धूळ गोंदात कालवून हात फिरवला. मिंज मॅडमनी शिकवलेलं सगळं मी त्यात ओतलं. शाळेतला माझा प्रोजेक्ट बाजूला पडला आणि मला त्याची फिकीर नव्हती. एक पाटी व्हायला दोन दिवस लागायचे. झाली की मी ती लांब धरून बघायचे आणि आकडा कसा आपोआप वर येतो ते पाहून मला आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू, आनंदच व्हायचा.

मग बाबांची उजळणी. आकडा तर त्यांना दिसणार नव्हता, म्हणून मी त्यांना खुणा शिकवल्या. "वरच्या कोपऱ्यात तीन मोठे ठिपके चिकटून आहेत, ती कोणती?" "एकोणतीस." "डावीकडे काठावर एकच बारीक ठिपका आहे, ती?" "आठ." डॉक्टर पानं पुढेमागे करतात म्हणून मी पाट्या पत्त्यांसारख्या पिसून विचारायचे. आई पलीकडे वांगी चिरत ऐकायची. चुकलं की बाबा लहान पोरासारखे कानाची पाळी धरायचे, बरोबर आलं की मी टाळी द्यायचे. त्या दोन-तीन आठवड्यांत आम्ही बापलेक जेवढं हसलो तेवढं आधी कधी हसलो नव्हतो, नंतर तर नाहीच.

बाबा पास झाले. दिव्याचीही एक चाचणी असते, त्यात हिरवा जरा पांढुरका वाटतो आणि लाल मंद, त्या अंदाजावर निभावलं म्हणाले. डॉक्टरला संशय यावा असं काही नव्हतंच, सगळी उत्तरं बिनचूक. 'फिट' लिहिलेला कागद आईनं देवापुढे ठेवला. मेश्रामकाका पेढे घेऊन आले आणि मला आधी देत म्हणाले, "खरी मास्तरीण तर हे हाय."

प्रॅक्टिकल महिनाअखेरीला होतं आणि माझी खिडकी अर्धीच झालेली. वेळ नव्हता. ठिपक्यांच्या पाट्या घरात पडून होत्या, त्या फेकायला हात धजेना. मग मी त्याच वापरल्या. खिडकीच्या चौकटीत, पडद्याच्या मागे, जिथे सिग्नलचे दिवे यायचे होते तिथे त्या पाट्या बसवल्या. घरात जे पडलं आहे तोच तुमचा रंग. नियमात बसत होतं.

मिंज मॅडम बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "ये आँख वाले डॉक्टर के यहाँ होता है ना?"

"जी मॅडम."

"किसके लिए बनाया था?"

"बस ऐसे ही."

"ऐसे ही इतना सही नहीं बनता," त्या म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, कोण जाणे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र फार कौतुक केलं. काय कल्पना आहे, म्हणाले, खिडकीतून बाहेर बघणाऱ्याला दिसतं की नाही याचीच परीक्षा! वर्गातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या घेऊन सायकलवरून घरी आले.

घरी मागच्या अंगणात बाबा बादलीजवळ उकिडवे बसले होते. नुकतेच ड्यूटीवरून आले होते. हात धुऊन झाले होते, तरी धूतच होते. आई शेजारी टॉवेल धरून उभी. मी आलेली त्यांनी पाहिलं नाही.

"उतईच्या अंगाला," बाबा सांगत होते, "भर दुपारी. असिस्टंट मागं मशीन पाहायले गेलता. गँगवाले काम करून राहिले होते रुळावर. त्याइचा एक म्हातारा पुढं झेंडी धरून उभा होता. लाल झेंडी. मागं लाखोळीचं शेत. हिरवंगार असंन, जानेवारीत असतेच. मले माणूस दिसला. झेंडी नाही दिसली. मले वाटलं, गावातला कोणी उभा हाय, हात हालवून राहिला."

आईनं तोंडावर पदर धरला.

"शेवटी तो रुळावरच येऊन उड्या माराले लागला तवा बिरेक मारला. पाच-सहा जणं होते, त्याइनं दोहीकडं उड्या मारल्या. त्याइचा जॅक उडून पार शेतात गेला. गाडी थांबली तं म्हातारा इंजिनापाशी आला. मले वाटलं शिव्या देईन. शिव्या नाही देल्या त्यानं. झेंडी वर करून दाखवली आन् म्हणे, 'साहेब, मोर हाथ म झंडी रिहिस. नइ दिखिस का?'"

"तुमी काय म्हणलं?"

"ऊन डोळ्यावर आलं म्हणलं. तो मानला. म्हणे, होते कधी कधी."

"देव पावला," आई म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले, आणि पुन्हा हातांवर पाणी घेतलं.

मी आत गेले. दप्तरात परीक्षकांनी सही केलेला कागद होता. त्या म्हाताऱ्याचं मी तोंड पाहिलेलं नाही, पण तो माझ्या ठिपक्यांच्या समोर उभा होता, आणि बाबांना त्याच्यासमोर गाडी घेऊन मी पाठवलं होतं. हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची पुन्हा ड्यूटी होती.

पुढे काय झालं ते कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे त्यांच्या परीनं ठाऊक आहे. मी बापाच्या पोटावर पाय दिला. लॉबीत जाऊन, भरल्या माणसांत, बापाचं सगळं उघडं केलं. रंग दिसत नाहीत हेही आणि मेडिकल फसवून पास केलं हेही. बाबांना इंजिनावरून उतरवलं. चौकशी बसली आणि ठपका निवृत्तीपर्यंत त्यांच्या नावावर राहिला. त्यांना एका ऑफिसात रजिस्टरं लावायला बसवलं, तिथे ते रोज डबा घेऊन जायचे आणि रोज वेळेवर यायचे. वेळेवर येणारा ड्रायव्हर आमच्या कॉलनीनं तोवर पाहिला नव्हता. आई माझ्याशी होळीपर्यंत बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही. शेजारणी म्हणायच्या, अशी लेक असण्यापेक्षा वांझ बरी. आणि एक-दोन जण असेही होते, जे मला बघून माना डोलवायचे, पोरगी सत्याची निघाली म्हणायचे. त्यांचा मला जास्त त्रास व्हायचा.

खैरागडला मी गेले नाही. कुणी अडवलं नाही. फॉर्म घरात येऊन पडला होता. ब्रश हातात धरला की मला हातच नको वाटायचा. आता एका विम्याच्या ऑफिसात कागद इकडचे तिकडे करते. मिंज मॅडम एकदा बाजारात भेटल्या, पदराला अजून गोंद होता. "कुछ बनाती हो?" विचारलं. नाही, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मेथीची जुडी निवडू लागल्या.

बाबा निवृत्त होऊन चार वर्षं झाली. खर्रा सुटला, पण उशीर झाला. आम्ही दोघं बोलतो. गॅस संपला, दूधवाला आला नाही, आज ऊन कडक आहे. त्या सकाळबद्दल आमच्यात एक अक्षर झालेलं नाही. कॉलनीतल्या लोकांची गोष्ट मी लॉबीत बोलले तिथे संपते. ती तिथे संपली नव्हती. पुढचं तिथे हजर असलेली माणसं सांगत नाहीत, आणि मीही आजवर सांगितलं नाही.

त्या सकाळी बाबा बूट घालत होते तेव्हा मी म्हटलं, "बाबा, आज जाऊ नका. गेले तर मी लॉबीत येऊन सांगीन." त्यांनी नाडी बांधली, उठले. "सांग," म्हणाले. रागानं नाही, थकून. मी सांगणार नाही याची त्यांना खात्री होती. मलाही होती. तरी मी सायकल काढली.

लॉबीत धुक्यानं ओलावलेल्या कोटांचा आणि चहाचा वास होता. माणसं फुंकर मारायच्या मशीनपुढे रांगेत उभी होती, दारू प्यायलेला कुणी चढू नये म्हणून ते असतं. काउंटरमागे मेश्रामकाका. बाजूच्या टेबलावर इन्स्पेक्टर साहेब. बाबा रांगेतून पुढे आले होते, ड्यूटीवर न्यायची लोखंडी पेटी, लाइन बॉक्स, पायाशी. मला बघून काका हसले आणि मग त्यांचं हसू गेलं.

"सर," मी म्हटलं, "मेरे बाबा को लाल-हरा नहीं दिखता."

आवाज माझाच होता, पण फार मोठा आला. सगळी लॉबी वळली. काका लगेच उठले. "अरे, घरी काही कटकट झाली असंन. साहब, बच्ची का बारहवीं का एग्झाम है, टेन्शन में है." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. "इनका मेडिकल तो इसी महीने हुआ है. फिट हैं." त्यांच्या आवाजात सुटका होती. सगळ्या खोलीतच ती पसरली. कुणीतरी हसलंही. "बेटा, घर जाओ, पढ़ाई करो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी रजिस्टर बाबांपुढे सरकवलं.

एक सही. एवढंच उरलं होतं. माझ्या बोलण्याला कागदापुढे काही किंमत नव्हती, आणि तो कागद मीच मिळवून दिलेला होता. बाबांनी पेन उचललं, टोपण काढलं. रजिस्टरकडे बघत राहिले. मग टोपण परत लावलं आणि मेश्रामकाकांना म्हणाले, "पोट्टी खरं बोलून राहिली."

"सोनवाने, तू गप..." काका बाबांना म्हणाले.

"साहब," बाबा इन्स्पेक्टरकडे वळले, "बच्ची सच बोल रही है. मेडिकल मैंने रटके पास किया. कल गँग के आदमी मेरे हाथ से मरते-मरते बचे."

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "वो किताब रटने की चीज़ है? किसने रटवाया तुमको?"

मेश्रामकाका खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं असं मला वाटलं, पण ते मला वाटलेलंही असेल.

"किसी ने नहीं, साहब," बाबा म्हणाले. "मैं अकेला ही था."

ते खोटं होतं. त्या खोलीत ते खोटं आहे हे तिघांना माहीत होतं. एकाला नोकरी वाचवायची होती, एकाला लेक. मी तिथे खरं सांगायलाच आले होते, आणि मी तोंड उघडलं नाही.